सँडर, दुपारी अडीच

राजेशम चिलवेरी पायरीवर उकिडवा बसला,
पिशवीतून सँडर काढला आणि काउंटरवर ठेवला,
आजारी कोंबडी ठेवावी तसा, अलगद, आडवा.
"फिरतच नाही ओ. कालपर्यंत झक्कास होता.
आणि जरा लवकर बघा, आज पाणी सुटायचंय,
पाचव्या दिवसाचं पाणी, घरी भरायला कोणी नाही."

साखर पेठेत मे महिन्याची दुपार म्हणजे
शटरला टेकवलेला हात परत मागून घ्यावा लागतो.

मी खालचा पॅड सोडवला. चार स्क्रू,
एकाची खाच गेलेली, त्यानं दहा मिनिटं खाल्ली.
मग कवच शेंगेसारखं दोन फाकांत उघडलं.

भुसा चुगलखोर असतो.
सागाचा बोटांना तेलकट लागतो,
प्लायचा करडा, शिंका काढतो,
बाभळीचा लालसर, हट्टी.
पण ह्यात भुशाखाली पांढरं काही होतं,
बेअरिंगच्या गळ्याशी घट्ट बसलेलं.
चिमट्यानं धरून ओढलं
तर येत राहिलं, येतच राहिलं.

सुताची तूस.

"हे कुठलं लाकूड घासताय?"
तो रस्त्याकडं बघत म्हणाला, "माग."
थोड्या वेळानं: "वडलांचा. हातमाग.
वीस वर्षं माळ्यावर नुसता पडून.
पोरीचं ठरलंय, तिला पलंग करतोय.
खांब जाड आहेत, पाय चांगले निघतात."
मी चांगलं म्हणालो.
आणखी काय म्हणणार.

तूस डबीच्या झाकणात ठेवली.
कचऱ्याचा डबा पायाशीच होता, तरी.
मग कार्बन बघितले:
एक अजून वर्षभर चालला असता,
दुसरा तांदळाएवढा, स्प्रिंग त्याच्यामागं उपाशी.
दोन्ही बदलले. कम्युटेटर झिरो पेपरनं पुसला,
देवघरातल्या तांब्यासारखा निघाला.
फुंकर मारली, कवच मिटलं,
राजेशम उठून उभा राहिला,
बटण दाबलं.

काही नाही.

सिरीजच्या बल्बवर लावला. बल्ब आंधळा.
तेव्हा आठवलं. वडील पहिल्याच दिवशी म्हणालेले,
"आधी वायर बघ रे, मग पोट फाड."
पावरलूमच्या मोटारी गुंडाळून
त्यांच्या बोटांवर वार्निशचं कातडं आलं होतं,
आणि मी त्या तुशीच्या नादाला लागून
वायर शेवटाला ठेवली.

मुठीजवळ, जिथं ती रोज वाकते,
तिथं चिमटीत धरून हलवली:
बल्ब पेटला. विझला. पेटला.
वरून धडधाकट, रबरावर एक ओरखडा नाही.
आत तांब्याचे तंतू
एकेक करून सुटलेले,
कुणाला न सांगता.

चार बोटं वायर कापून टाकली,
नवी टोकं सोलली, पिळली, आवळली.

"बघा, खात्रीला म्हणून आणलंय,"
त्यानं पिशवीतून वीतभर तुकडा काढला,
काळपट, एका कडेला हाताच्या घामानं गुळगुळीत.
मी सँडर टेकवला.
घरघर सुरू झाली, जुनी मिशी थरथरावी तशी,
काळं सरलं, खालून मधासारखा रंग वर आला,
आणि लाकूड तापताच
एक आंबूस वास सुटला दुकानभर.
दोघांनाही कळला.
खळीचा वास. सुताला लावायची ती.
त्यानं मान खाली घातली आणि
चपलेचा अंगठा नीट करत बसला.

"बेअरिंग किंचित बोलतंय," मी म्हणालो,
"आत्ता नको, पुढच्या खेपेला बघू. एकशे ऐंशी झाले."
"दीडशे घ्या ओ." दीडशे घेतले.
तेवढ्यात फोन वाजला, शेजारीण पलीकडून ओरडत होती,
पाणी आलं, पाणी आलं.
तो सँडर काखेत मारून पळाला,
वायरचं टोक मागं रस्त्यावर घासटत.

तुकडा काउंटरवरच राहिला.
झाकणातली तूस उडेल म्हणून
मी संध्याकाळपर्यंत टेबलफॅन लावला नाही.
मे महिन्यात. साखर पेठेत.